वेबस्टरला निघण्याआधी: लसींचं कार्ड सापडलं का?

भाची ऑगस्टमध्ये सेंट लुईसच्या उपनगरात, वेबस्टर युनिव्हर्सिटीत एमएस करायला निघाली आहे. तीन वर्षांपूर्वी थोरल्या मुलाची तयारी मीच केली होती. शहर वेगळं, विद्यापीठ वेगळं. त्या वेळी माझ्या हातून एक गोष्ट राहिली आणि त्याचे पहिले तीन आठवडे वाया गेले. म्हणून हे लिहून ठेवतेय.

पासपोर्ट, मार्कशीट, बँकेचे कागद कुणी विसरत नाही. आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं ते प्रवेशपत्र) आलं की नाव, जन्मतारीख आणि कॅम्पस नीट वाचा. वेबस्टरचे कॅम्पस जिनिव्हा, व्हिएन्नापर्यंत पसरलेत. तुम्हाला सेंट लुईसजवळच्या वेबस्टर ग्रोव्हजचा हवा असेल तर कागदावर तोच आहे ना, बघा. सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांची अमेरिकी सरकारी नोंदणी) ३५० डॉलर फी व्हिसाच्या फीहून वेगळी असते. ती मुलाखतीआधी भरा.

आता लसी. आधी विद्यापीठाचा आरोग्य फॉर्म उघडा आणि काय काय मागितलंय ते वाचा. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी एमएमआरचे (गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस) दोन डोस लागतात. दोन डोसांत किमान २८ दिवसांचं अंतर हवं. अठ्ठावीस दिवस! शेवटच्या आठवड्यात धावाधाव करून हे जमत नाही. ‘लहानपणी सगळं दिलंय’ म्हणून मी गप्प बसले होते. पण नवव्या महिन्यात दिलेला गोवरचा डोस ते धरत नाहीत, पहिल्या वाढदिवसानंतरचेच धरतात. सरकारी दवाखान्यात मिळते ती गोवराची किंवा गोवर-रुबेलाची लस. गालगुंडाची त्यात नसतेच. मुलाचं कार्ड घर बदलताना हरवलं होतं. तिकडे त्याची नावनोंदणी अडली, हवा तो विषय भरून गेला आणि डोस तिथल्या दराने घ्यावे लागले. कार्ड नसेल तर रक्तातली प्रतिपिंडं तपासून घ्या किंवा सरळ दोन्ही डोस पुन्हा घ्या. पण आज सुरुवात करा.

टीबीची तपासणीही याच खेपेत उरका. आपल्याकडे बीसीजी दिलेली असते, त्यामुळे त्वचेवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. विद्यापीठाला चालत असेल तर रक्तावरची टीबीची इग्रा चाचणी करा. ती एमएमआरच्याच दिवशी, नाहीतर मग चार ते सहा आठवड्यांनी. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मुलाखतीत ‘हेच विद्यापीठ का?’ विचारतात. पाठ केलेलं उत्तर नको, जागा खरंच माहीत असू दे. घरातली मोठी माणसंही ‘मिशनऱ्यांचं आहे का?’ विचारतातच. १९१५ मध्ये सिस्टर्स ऑफ लोरेटो या कॅथलिक नन्सनी मुलींसाठी हे कॉलेज काढलं. हा संघ १८१२ मध्ये केंटकीत स्थापन झालेला. आपल्याकडच्या लोरेटो कॉन्व्हेंटच्या नन्स वेगळ्या. कॉलेजच्या अध्यक्ष सिस्टर जॅकलिन ग्रेनन यांच्या काळात, १९६७ मध्ये, नन्सनी आपण उभारलेली संस्था धर्मसंघाबाहेरच्या विश्वस्तांकडे सोपवली. आज ते कुठल्याही धर्मसंस्थेचं नाही. हातचं असं सोडून देणं सोपं नसतं. मला त्या बायकांबद्दल फार आदर वाटतो.

सामान: कुकर, मसाले, औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. जाड कोट तिकडेच घ्या, ऑगस्टमध्ये तिथे दमट उकाडा असतो. सगळे मूळ कागद केबिन बॅगेत. लसींचा कागदही केबिन बॅगेत, डॉक्टरांचा सही-शिक्का मारून, इंग्रजीत, तारखांसह.

आय-२०वरच्या सुरुवातीच्या तारखेच्या ३० दिवसांपेक्षा आधी अमेरिकेत प्रवेश मिळत नाही; तिकीट त्या हिशेबाने काढा. मेट्रोलिंक ही शहरातली लोकल रेल्वे विमानतळावर आहे, पण वेबस्टर ग्रोव्हजमध्ये येत नाही, जवळचं स्टेशन श्रूजबरी. बॅगा घेऊन टॅक्सीच करा.

पोचल्यावर सिम, बँक खातं, आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात हजेरी. आरोग्य फॉर्म मात्र निघायच्या आधीच अपलोड करा, आणि तो स्वीकारल्याचं पोर्टलवर दिसेपर्यंत रोज बघा. भाचीचा दुसरा डोस १२ जूनला आहे.