अनुभव मोठा, तरी फोन नाही : वरिष्ठ पदाची नोकरी शोधताना या चुका टाळा

चाकण, भोसरी किंवा रांजणगावच्या कारखान्यांत वीस-पंचवीस वर्षे काढून प्लांट हेड किंवा जनरल मॅनेजर झालेला माणूस जेव्हा पुन्हा नोकरी शोधायला निघतो, तेव्हा तो बहुतेक वेळा अठ्ठाविसाव्या वर्षी वापरलेलाच मार्ग धरतो. पोर्टलवर बायोडेटा चढवायचा, दिसेल त्या जाहिरातीला अर्ज करायचा आणि फोनची वाट पाहायची. मी याच पट्ट्यात मनुष्यबळ विभागात बरीच वर्षे निवडीचे काम केले आहे. वरिष्ठ पद भरायला निघालेल्या कंपनीसमोर सहसा एखादी ठरावीक अडचण उभी असते: माल ग्राहकाकडून परत येतो आहे, नवा कारखाना वेळेत उभा राहत नाही, किंवा इंजिनाच्या भागांचे काम कमी होऊन विजेवरच्या गाड्यांकडे वळायचे आहे. ही अडचण ज्याने आधी हाताळली आहे असे कागदावरून चटकन कळते, त्याला पहिला फोन जातो. उत्तम माणसे केवळ हे न उमगल्यामुळे महिनोन्‌महिने घरी बसलेली मी पाहिली आहेत.

म्हणून शोध नेमका कुठे अडला आहे, हे आधी तपासावे. फोनच येत नसतील तर दोष बायोडेट्यात किंवा तो पोहोचवण्याच्या वाटेत आहे. मुलाखती होऊनही शेवटच्या फेरीत नाव गळत असेल, तर बायोडेटा पुन्हा पुन्हा बदलून काहीही हाती लागणार नाही.

फोन येत नसतील तर

सर्वांत मोठी चूक म्हणजे बायोडेट्यात जबाबदाऱ्यांची यादी देणे. ‘उत्पादन विभागाचे संपूर्ण नेतृत्व’ हे वाक्य प्रत्येक प्लांट हेडच्या कागदावर असते, त्यामुळे ते वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल: १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुराचे बीएस-६ निकष लागू होणार होते; त्याआधी जुनी लाइन बंद न ठेवता नवी लाइन उभी केली, किती महिन्यांत केली, किती खर्चात केली आणि त्यानंतर सदोष भागांचे प्रमाण कितीवरून कितीवर आले. आकडे आपल्याच जुन्या आढावा बैठकांच्या कागदांत असतात. मात्र कंपनीची गोपनीय माहिती बाहेर जाऊ नये यासाठी रकमांऐवजी टक्केवारी द्यावी.

हुद्द्यावर विसंबणेही धोक्याचे असते. एका बँकेतल्या व्हाइस प्रेसिडेंटच्या हाताखाली पाच माणसे असतात, तर एखाद्या कारखान्यातला साधा मॅनेजर तीनशे कामगार सांभाळतो. त्यामुळे आपण कोणाला रिपोर्ट करत होतो, हाताखाली किती माणसे होती आणि किती उलाढालीची जबाबदारी होती, हे प्रत्येक नोकरीपुढे एका ओळीत यावे. अलीकडची दहा-बारा वर्षे सविस्तर आणि त्याआधीचा काळ एका परिच्छेदात, एवढे दोन-तीन पानांत सहज बसते. वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती आणि शेवटचे प्रतिज्ञापन यांची आता गरज नाही.

ओळखीच्या लोकांना न सांगणे

या चुकीवर मला अधिक थांबावेसे वाटते, कारण तिचे मूळ स्वभावात आहे. आयुष्यभर दुसऱ्यांना नोकऱ्या देणाऱ्या माणसाला ‘मला काम हवे आहे’ हे शब्द उच्चारणे फार जड जाते. नातेवाइकांपासूनही गोष्ट लपवली जाते, जुन्या साहेबांना फोन करणे म्हणजे हात पसरणे वाटते, आणि अखेर सगळा भार पोर्टलवर येतो. पण वरिष्ठ पदांपैकी पुष्कळ पदांची जाहिरात निघतच नाही. ती ओळखीतून किंवा एक्झिक्युटिव्ह सर्च फर्ममार्फत भरली जातात. वाहन उद्योगात तर आपले काम सर्वांत जवळून पाहिलेली माणसे बहुधा आपल्या कंपनीबाहेर असतात: ग्राहकाच्या गुणवत्ता विभागातले अधिकारी, सुटे भाग पुरवणारे उद्योजक, ऑडिटर, यंत्रे विकणारे अभियंते. अशा चाळीस-पन्नास नावांची यादी करावी आणि प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलावे. थेट नोकरी मागितली की समोरचा अवघडतो. ‘मी अशा प्रकारचे काम पाहतो आहे, या क्षेत्रात सध्या कोणाला कोणती अडचण आहे, आणि मी कोणाशी बोलावे?’ असे विचारले की तो मोकळेपणाने बोलतो आणि बहुधा आणखी एखादे नाव देतो. सरसकट एकच संदेश सर्वांना पाठवू नये. तो कोणीच आपला मानत नाही.

सर्च फर्मबद्दलही मोठा गैरसमज आहे. तिचे शुल्क कंपनी देते, त्यामुळे ती कंपनीसाठी माणूस शोधते. आपल्यासाठी नोकरी शोधणे हे तिचे काम नसते. दर आठवड्याला फोन करण्यापेक्षा आपले नेमके क्षेत्र, पगाराची अपेक्षा आणि कोणत्या शहरात जाण्याची तयारी आहे, हे एकदाच स्पष्ट कळवून ठेवावे. नोंदणी किंवा ‘हमखास मुलाखत’ यासाठी उमेदवाराकडे पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे, आणि पैसे गेलेच असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर त्वरित तक्रार करावी.

मुलाखतीत गाडी अडत असेल तर

मराठी माणसाची एक चांगली सवय इथे आड येते. प्रत्येक उत्तर ‘आम्ही केले’ असे येते आणि तासाभरानंतरही त्यात याने स्वतः काय केले हे मुलाखत घेणाऱ्याला कळत नाही. श्रेय सहकाऱ्यांना अवश्य द्यावे, पण निर्णय कोणाचा होता आणि तो का घेतला, हे ‘मी’ म्हणून सांगावे. समोरचा दहा वर्षांनी लहान असेल, तर त्याला नकळत उपदेश केला जातो. तो मात्र हा माणूस आपले ऐकेल का आणि स्वतः शॉप फ्लोअरवर उतरेल का, हे पाहत असतो. ‘पगार काहीही चालेल’ हे उत्तरही टाळावे. त्याने समंजसपणापेक्षा शंका अधिक उत्पन्न होते.

ऑफर हाती येताना

तोंडी आश्वासनावर राजीनामा देऊ नये. वरिष्ठांना अनेकदा नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड असतो आणि तेवढ्या काळात कंपनीचा विचार बदलू शकतो. सीटीसीतला (कंपनीने सांगितलेल्या एकूण वार्षिक पगारखर्चातला) व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीनुसार कमी-जास्त होणारा भाग किती आहे आणि जॉइनिंग बोनस कोणत्या अटीवर परत द्यावा लागेल, हे लेखी घ्यावे. मधली अल्पकाळाची नोकरी लपवू नये, कारण भविष्य निर्वाह निधीच्या (पीएफच्या) यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणाऱ्या क्रमांकाच्या खात्यात नोकऱ्यांचा इतिहास दिसतो आणि पडताळणीत तो उघड होतो; त्या नोकरीपेक्षा तिची लपवाछपवी अधिक नडते.

नोकरी सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जाता येणार नाही, अशा कलमाला घाबरून अनेकजण चांगली संधी सोडतात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार व्यवसायावर बंधन घालणारा करार सामान्यतः रद्दबातल असतो. गोपनीयतेचे बंधन मात्र राहते, म्हणून जुन्या कंपनीची एकही फाइल सोबत नेऊ नये. पीएफ काढून न घेता नव्या खात्यात वळवावा, म्हणजे पेन्शनसाठी लागणाऱ्या दहा वर्षांच्या सेवेत खंड पडत नाही. कंपनीचा आरोग्य विमा सहसा नोकरीबरोबर संपतो. वैयक्तिक पॉलिसी मिळेल का आणि कोणत्या अटींवर, हे शेवटच्या दिवसाआधीच विमा कंपनीला लेखी विचारावे, कारण पन्नाशीत, मधुमेह किंवा रक्तदाब असताना, नवी पॉलिसी मिळवणे सोपे नसते.