स्टीलचा लायनर मागवण्याआधी धुराडं तपासा

इंग्लंडमधल्या जुन्या विटांच्या घरात लाकडाची शेगडी बसवताना नेमका महागडा लायनर (धूर बाहेर नेण्यासाठी धुराड्याच्या आत घालायची स्टीलची लवचिक नळी) धुराड्याच्या वळणावर अडकतो आणि काम खोळंबतं. तो मागवण्याआधीच हे करा.

१. धुराडं झाडून घ्या.
२. लायनरच्या बाहेरच्या व्यासाएवढ्या पाइपचा फूटभर तुकडा घ्या. लायनरचं सांगितलेलं माप, उदा. १५० मिमी, आतलं असतं, बाहेरून तो जास्तच भरतो. तुकड्याच्या दोन्ही टोकांना मजबूत दोर बांधा.
३. वरून सोडा, खालून हळूहळू ओढा. अडकलाच तर वरच्या दोरावर खूण करून परत काढा. किती खोलीवर अडचण आहे ते कळतं.

फक्त लाकडासाठी ३१६ ग्रेडच्या स्टीलचा लायनर, कोळसाही जाळणार असाल तर ९०४ घ्या. बसवताना लायनरवरचा बाण छताकडेच हवा.