जपानला स्टुडंट एक्स्चेंजवर जाताय? या चुका टाळा

जपानमध्ये राहिलं की भाषा आपोआप तोंडात बसते, हा एक लाडका गैरसमज आहे. बसत नाही. क्योतोतल्या एका वर्षातले पहिले तीन महिने मी जवळजवळ इंग्रजीतच काढले. कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात, कार्ड टेकवलं की काम होतं, स्टेशनवरच्या मशीनला इंग्रजीचं बटण असतं, वसतिगृहात सगळे परदेशीच. जपानी बोलायची वेळ येत नाही, ती आणावी लागते.

प्लेसमेंट टेस्टमध्ये वरचा वर्ग पटकावणं

जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेचा एन ३ हा मधला स्तर पास असलात तरी त्या परीक्षेत बोलणं नसतं आणि लिहिणंही नसतं, फक्त पर्याय निवडायचे असतात. त्या भरवशावर वरच्या वर्गात शिरलात, तर तिथे पहिल्याच तासाला चर्चा चालू होते आणि तुम्ही वहीत डोकं घालून बसता. वर्ग बदलायची मुदत सहसा सत्राच्या सुरुवातीलाच संपते. खाली उतरायला लाजू नका.

जपानी मराठीसारखी आहे, असं धरून चालणं

आहे की! क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे. म्हणूनच आपली सुरुवात झोकात होते आणि मग पाय घसरतो. 'मी लायब्ररीत आहे' आणि 'मी लायब्ररीत वाचते', दोन्हीकडे आपला 'त' एकच. जपानीत मात्र 'तोशोकान नि इमासु', पण 'तोशोकान दे योमिमासु'. नुसतं असणं असेल तर 'नि', काही करणं असेल तर 'दे'.

दुसरा खड्डा ऱ्हस्व-दीर्घाचा. आपण ते लिहिताना सांभाळतो, बोलताना फारसं नाही. तिथे युकी म्हणजे बर्फ आणि यूकी म्हणजे धैर्य. बिरु म्हणजे इमारत आणि बीरु म्हणजे बिअर. दीर्घ स्वर मुद्दाम दुप्पट लांबवायची सवय लावा, सुरुवातीला नाटकी वाटलं तरी. त्सुनामीतला 'त्सु' मात्र आपल्याला फुकट मिळतो. 'चूक' या शब्दातच तो आहे.

'हाय' हा होकार समजणं

समोरचा दर वाक्याला 'हाय, हाय' म्हणतो तेव्हा तो नुसता हुंकार देत असतो. 'चोत्तो...' म्हणून वाक्य अर्धवट सोडलं, की ते 'नाही' असतं. एका प्राध्यापकांना मी विचारलं, तुमच्या सेमिनारला बसू का? ते म्हणाले, 'मुझुकाशी देसु ने', म्हणजे अवघड आहे हो. मला वाटलं, विषय अवघड आहे म्हणतायत. मी उत्साहाने 'गान्बारिमासु!' म्हणजे 'कसून मेहनत करीन' म्हणून मोकळी झाले. तो नकार होता, हे मला वसतिगृहातल्या मैत्रिणीने रात्री सांगितलं.

आनिमेतून उचललेलं 'ओरे' (रांगडं 'मी') आणि 'ओमाए' (उद्धट 'तू') घरीच ठेवा. 'आनाता' म्हणजे 'तुम्ही', तेसुद्धा समोरच्याला टोचतं. आडनावाला 'सान' लावा, शिक्षकांना 'सेन्सेइ' म्हणा. क्योतो-ओसाकाकडे 'आकान' (नाही चालणार), 'होन्मा' (खरंच) असे तिथल्या बोलीतले शब्द कानावर पडतील. ते समजले तरी पुरे, बोलायची घाई नको.

सप्टेंबरमध्ये पोचून आमंत्रणाची वाट बघणं

विद्यापीठाचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि क्लबांची मोठी भरतीही तेव्हाच होते, अगदी रस्ता अडवून पत्रकं वाटतात. शरद सत्राला येणाऱ्याला त्यातलं काही दिसत नाही. तेव्हा स्वतः जाऊन विचारा. क्लब दोन तऱ्हेचे: बुकात्सु म्हणजे कडक शिस्त आणि जवळजवळ रोजचा सराव, साकुरु त्या मानाने सैल. एका सत्रासाठी आलात तर साकुरु बरा. माझी जपानी वर्गापेक्षा सरावानंतरच्या जेवणांमध्ये जास्त सुधारली, कारण तिथे माझ्यासाठी कोणी इंग्रजीत बोलत नव्हतं.

अर्धवेळ नोकरीनेही तेच साधतं, पण आधी परवानगी हवी. सत्र चालू असताना आठवड्याला २८ तासांची मर्यादा असते, मोठ्या सुट्टीत दिवसाला ८ तासांची.

कागद 'नंतर बघू' म्हणून ठेवणं

घर मिळाल्यापासून १४ दिवसांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवा. आरोग्य विमाही तिथेच होतो, मग दवाखान्यात खर्चाचा ३० टक्केच भार पडतो. वय २० किंवा जास्त असेल तर पेन्शनची वर्गणी भरायचं पत्र येतं. ते फेकू नका, विद्यार्थ्यांसाठी काही सवलत आहे का ते खिडकीवर विचारा. रेसिडेन्स कार्ड, म्हणजे परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र, कायम जवळ बाळगा. आणि हिवाळ्याच्या सुट्टीत देशाबाहेर जाताना विमानतळावरच्या फॉर्मवर 'परत येणार' या चौकटीत खूण करायला विसरू नका, नाहीतर राहण्याची परवानगी तिथेच संपते.

खिडकीवरचं बोलणं डोक्यावरून गेलं तर 'यासाशी निहोन्गो दे ओनेगाइ शिमासु' म्हणा. सोपी जपानी ही तिथे रुळलेली कल्पना आहे. १९९५च्या कोबे भूकंपात परदेशी लोकांना सूचनाच कळेनात, त्यानंतर ती पुढे आली. आणि कर्मचारी आपणहून इंग्रजीवर उतरला तर हसून सांगा, 'निहोन्गो दे दाइजोबु देसु', जपानीत चालेल. कोन्बिनीत पिशवी हवी का विचारल्यावर मात्र हेच 'दाइजोबु देसु' म्हणालात, तर पिशवी मिळणार नाही.