मानसशास्त्राच्या प्रवेश-मुलाखतीत या चुका टाळा

"मला लोकांना मदत करायला आवडतं." क्लिनिकल किंवा काउन्सेलिंगच्या एम.ए.साठी मॉक मुलाखती घेताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग नर्सिंग का नाही? समाजकार्य का नाही?" इथे बहुतेक जण गडबडतात.

पॅनल फारसं बाहेरचं विचारत नाही. तुमच्याच तोंडून निघालेला शब्द पकडून खोदत जातं. ज्या शब्दावर आणखी दोन प्रश्न झेलता येणार नाहीत, तो उच्चारूच नका.

उदाहरणार्थ मिलग्रॅम. प्रयोगकर्त्याच्या हुकमावरून माणूस दुसऱ्याला विजेचे (खरं तर खोटे) झटके देत कुठवर जातो, हे पाहणारा त्याचा प्रयोग. आवडता प्रयोग विचारला की निम्मे जण त्याचंच नाव घेतात. "सामान्य माणूस हुकूम पाळतो" एवढं सांगून थांबतात. मग प्रश्न येतो, सहभागी कोण होते? गाजलेल्या आवृत्तीत ४० जण होते, सगळे पुरुष, आणि त्यांपैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले. हेही पाठ करता येतं म्हणा. खरी परीक्षा पुढे आहे: प्रयोगकर्ता खोलीबाहेर जाऊन फोनवरून सूचना देऊ लागला तेव्हा आज्ञापालन बरंच घसरलं, याचा अर्थ काय लावाल? आज नैतिकता समिती या प्रयोगाला परवानगी देईल का? एकच प्रयोग असा उलटसुलट करून वाचा, दहा नावं घोकण्यापेक्षा उपयोगी पडेल.

संख्याशास्त्राला बगल देणारे तर हमखास सापडतात. बी.ए.च्या प्रोजेक्टमध्ये तुम्ही "पी ०.०३ आला" असं लिहिलंय, म्हणजे पी-व्हॅल्यू. तिचा अर्थ काय? "माझं गृहीतक खरं असण्याची शक्यता ९७ टक्के" हे उत्तर चूक आहे. नल हायपॉथेसिस ("प्रत्यक्षात फरक नाहीच" हे गृहीतक) खरं असतं तर एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता ३ टक्के, इतकंच ते सांगतं. आपलाच प्रोजेक्ट आदल्या रात्री पुन्हा वाचायला कुणाचीच हरकत नसते, पण वाचत कुणी नाही.

नाजूक चूक वेगळीच. "मी स्वतः डिप्रेशनमधून गेलोय, म्हणून हा विषय घेतला." हे सांगू नये असं नाही. पण दहा मिनिटांतली सात त्यातच गेली आणि डोळे भरून आले, तर समोरचे पेचात पडतात: उमेदवाराला प्रश्न विचारायचे की धीर द्यायचा? दोन वाक्यांत सांगा. त्यातून दुसऱ्याचं ऐकताना काय जपावं लागतं हे कळलं असेल, तर तेवढं बोला.

रोल-प्लेमध्ये रुग्ण बनलेले समोरचे सर म्हणतात, "मला जगावंसंच वाटत नाही." उमेदवार घाईघाईने, "असं बोलू नका, सगळं नीट होईल!" झालं, तिथेच दार बंद. आधी ऐका. मग सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने ते मनात पेरले जातात, ही भीती निराधार आहे. उत्तर होकारार्थी आलं तर गोपनीयतेला इथे मर्यादा आहे, सुपरवायझरला सांगावं लागेल, हेही माहीत हवं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही तोंडपाठ असू द्या.

किरकोळ वाटणाऱ्या पण महागात पडणाऱ्या दोन गोष्टी. स्किझोफ्रेनियाला "दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व" म्हणू नका. आणि "एम.ए. झालं की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट" असंही नको, त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते.

मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजीची धास्ती असते. अडलात तर "मॅडम, हे मराठीत सांगू का?" असं विचारून टाका. एकीला पॅनलने विचारलं होतं, "तुमच्या आजीला नैराश्य कसं समजावाल?" तिने पुस्तकी व्याख्या सुरू केली. खरं तर आजी "डोकं जड झालंय, घास गोड लागत नाही, कशातच मन रमत नाही" असं म्हणते. तिथून सुरुवात केली असती तर व्याख्येतली निम्मी लक्षणं आपोआप आली असती.

शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" म्हटल्यावर "नाही सर" म्हणून उठू नका. प्रॅक्टिकमला (प्रत्यक्ष कामाच्या सरावाला) कुठल्या रुग्णालयात पाठवता आणि आठवड्याला किती तास सुपरव्हिजन मिळतं, हे विचारा. दोन वर्षं तुम्हालाच काढायची आहेत तिथे.