१९६८ च्या सी-१० ला नंतरच्या पिढीचे डिस्क ब्रेक
माझ्या १९६८ च्या शेवी (शेवरोले) सी-१० पिकअप ट्रकला पुढे ड्रम ब्रेक, पाण्यातून काढली की ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढायची. या ट्रकना पुढचे डिस्क १९७१ पासून आले, पण मला भंगारात ट्रक मिळाला तो त्याच्या नंतरच्या पिढीतला, १९७३ नंतरचा. मग एकेक स्पिंडल (चाक ज्यावर फिरतं तो दांडा), बॉल जॉइंट जुळवत बसण्यापेक्षा आख्खा क्रॉसमेंबरच (चेसिसचा आडवा भाग, ज्यावर पुढचं सस्पेन्शन बसतं) उतरवला, कंट्रोल आर्म, स्प्रिंग सगळ्यासकट. जुन्या चेसिसला बसतो तो, काही भोकं नव्याने पाडावी लागतात एवढंच. जड प्रकरण आहे, एकट्याने करू नका.

खरी डोकेदुखी ब्रेक लाइनमध्ये. ड्रमवाल्या मास्टर सिलिंडरमध्ये (पेडल दाबलं की ब्रेक लाइनमध्ये प्रेशर देतो तो) थोडं प्रेशर धरून ठेवणारा बारका व्हॉल्व असतो, तो डिस्कच्या लाइनवर राहिला तर पॅड रोटरला (म्हणजे डिस्कला) घासत राहतात आणि रोटर तापून लाल व्हायची वेळ येते. म्हणून मास्टर सिलिंडर आणि कॉम्बिनेशन व्हॉल्व (पुढच्या-मागच्या ब्रेकचं प्रेशर जुळवणारा) दोन्ही डिस्कवाल्या गाडीचेच लावले.

आता पुढच्या चाकांना पाच नट, मागच्यांना सहा! मागचा अ‍ॅक्सल बदलेपर्यंत दोन स्टेपन्या घेऊन फिरतोय, दिसतं येडपट, पण ब्रेक एकदम सरळ लागतो.