गृहभेटीत मुलाशी बोलणं रेकॉर्ड करताना

मूल काय बोललं याइतकंच त्याला काय विचारलं होतं हेही रेकॉर्डिंगमध्ये यायलाच हवं. कागदावर नुसतं ‘काकांनी मारलं’ उरलं, तर ते वाक्य मुलाचं की विचारणाऱ्याने तोंडात घातलेलं, हे नंतर कळायला मार्ग राहत नाही. मग त्या पोराला पुन्हा तेच सांगायला बसवलं जातं. हा त्रास टाळता येतो.

आधी एक भेद पक्का करा. बालकल्याण समितीसाठी (काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची प्रकरणं बघणारी जिल्ह्याची समिती) सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल, करताना होणारं बोलणं वेगळं आणि पोलिसांचा जबाब वेगळा. गृहभेटीत लैंगिक अत्याचाराची शंका आली तर खोलात शिरू नका. मूल आपणहून जेवढं बोललं तेवढं त्याच्याच शब्दांत टिपा आणि विशेष बाल पोलीस पथकाला किंवा ठाण्याला लगेच कळवा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे ते बंधनकारक आहे. पुढचा जबाब कलम २४ प्रमाणे मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घेतला जातो, शक्यतो किमान उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाशिवाय. कलम २६ मध्ये जमेल तिथे तो ऑडिओ-व्हिडिओवर घ्यायला सांगितलं आहे.

जागा निवडताना आवाजाआधी कान बघा. ऊसतोडीच्या हंगामात कोपीत, म्हणजे तोडणी कामगारांच्या तात्पुरत्या झोपडीत, बोलू नका. प्लास्टिकच्या आडोशापलीकडे सगळा तळ ऐकत असतो. विट्यात यंत्रमागाला लागून असलेली खोली नको, खडखडाटात हळू बोललेलं काहीच उरत नाही. सुटीनंतरची अंगणवाडी चालते, पण तिथली फरशी आणि कोऱ्या भिंती आवाज घुमवतात. खाली सतरंजी टाका, मुलाच्या पाठीमागे दोरीवर गोधडी सोडा, पंखा बंद करा. पत्र्यावर पाऊस सुरू झाला तर थांबणंच बरं.

जत भागातलं मूल कन्नड बोलणारं असेल, तोडणी कामगारांचं मूल गोरमाटी (बंजारा समाजाची बोली) बोलणारं असेल. दुभाषी बाहेरचा हवा. मुकादम किंवा नातेवाईक अजिबात नको, कारण मूल ज्याच्या धाकात आहे त्याच्याच तोंडून मुलाचं म्हणणं येऊ लागतं. दुभाष्याने सारांश न सांगता वाक्यागणिक भाषांतर करावं आणि मुलाचे मूळ शब्दही स्पष्ट टिपले जावेत.

रेकॉर्डर वेव्ह फाइलवर ठेवा: ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो. मिनिटाला साधारण ५ एमबी, म्हणजे तासाला ३०० एमबीच्या थोडं वर. आवाजाची पातळी हाताने लावा. ऑटोवर ठेवलं की मोठ्या माणसाच्या प्रश्नाने पातळी खाली दबते आणि मुलाच्या उत्तराचा पहिला शब्द बुडतो. तो शब्द बहुतेकदा ‘हो’ किंवा ‘नाही’ असतो! माइक मुलापासून हातभर अंतरावर, जमिनीवर रुमालाच्या घडीवर ठेवा. शेजारी दुसरं यंत्र चालू असू द्या. मोबाईल वापरणार असाल तर फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर कॉल आला की रेकॉर्डिंग तुटतं. तारीख-वेळ तपासा, अर्धा मिनिट टिपून हेडफोनवर ऐका. व्हिडिओ असेल तर मूल खिडकीकडे पाठ करून नको, चेहरा काळा पडतो. चौकटीत विचारणाराही दिसला पाहिजे.

मूल आत येण्यापूर्वी प्रकरण क्रमांक, जागा, वेळ आणि हजर माणसं बोलून घ्या. मग मुलाला यंत्र दाखवा, हात लावू द्या. ‘आपण बोलतो ते यात राहतं, म्हणजे मला सगळं आठवत बसायला नको,’ एवढं पुरे. ‘कुणाला सांगणार नाही’ हे वचन कधीही देऊ नका. ‘माहीत नसेल तर माहीत नाही म्हण, मी चुकले तर सांग,’ हे आधीच सांगा. सुरुवातीला सवयीसाठी ‘आज उठल्यापासून इथं येईपर्यंत काय काय केलंस?’ विचारा. मुद्द्यावर आल्यावर ‘काय झालं ते सांग’, ‘मग?’, ‘त्याबद्दल अजून सांग’. ‘त्यानेच मारलं ना?’ हा प्रश्न सगळ्यात जास्त नुकसान करतो, कारण लहान मूल मोठ्यांना होकार देऊन मोकळं होतं. ‘का?’ विचारलं की त्याला दोष आपल्यावर आल्यासारखा वाटतो. मुलाने बोट दाखवलं तर ‘तू गुडघ्याकडे दाखवलंस’ असं जसंच्या तसं बोला. गप्प बसलं तर तुम्हीही गप्प बसा. मध्ये पॉज करू नका. पाणी प्यायला उठलात तरी यंत्र चालू राहू द्या.

नंतर मेमरी कार्ड काढून लॉक करा, फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइलमध्ये जरा बदल झाला तरी बदलणारा, संगणकाने काढलेला अंक-अक्षरांचा ठसा) काढून लिहा, नक्कल करा आणि मूळ कार्ड सही केलेल्या कागदी लिफाफ्यात सीलबंद करा. कोर्टात ते द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात हा हॅश भरावा लागतो. फाइलच्या नावात मुलाचं नाव नको, फक्त प्रकरण क्रमांक. व्हॉट्सॲपवरून ती अजिबात पाठवू नका: तिथे आवाजाची फाइल दाबून लहान केली जाऊ शकते, आणि एका चुकीच्या ग्रुपवर गेली तर मुलाची ओळख फुटते, जी बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने जपायची आहे. बोलण्याचा लेखी उतारा नकलेवरून करा. ‘पोटात कसंतरी व्हायचं’ असं मूल म्हणालं असेल तर तसंच लिहा, त्याचं ‘भीती वाटायची’ करू नका.