जुनं ग्लो इंजिनचं आरसी हेलिकॉप्टर पुन्हा उडवताना

हिरोबोचं ‘शटल’ किंवा क्योशोचं ‘कॉन्सेप्ट ३०’ अशी १९८०च्या दशकातली, रिमोटवर उडणारी (आरसी) आणि मिथेनॉलवर चालणाऱ्या ग्लो इंजिनची जपानी हेलिकॉप्टरं आजही कुणाच्या माळ्यावर खोक्यात पडलेली सापडतात. ‘३० वर्ग’ म्हणजे ०.३० घनइंच, साधारण ५ सीसीचं इंजिन, आणि सव्वा मीटरच्या आसपास व्यासाचा मुख्य रोटर. असं यंत्र हाती आलं की पहिला मोह इंजिन सुरू करून बघण्याचा होतो. तो आवरा. धातू टिकलेला असतो. दगा देतात ते प्लास्टिक, रबर आणि लाकूड.

सुरुवात पात्यांपासून करा. १०० ग्रॅमचं पातं १६०० आरपीएमला फिरतं, तेव्हा ते मुळाशी सुमारे ९५ किलोच्या जोराने बाहेर ओढलं जातं. १८०० आरपीएमला हाच ओढ १२० किलोवर जातो. म्हणून जुनी लाकडी पाती वापरायची असतील तर बोल्टच्या भोकाभोवतीचं आवरण काढून पात्याचं मूळ भिंगाखाली तपासा. केसाएवढी चीर, सुटलेला डिंक किंवा सैल झालेलं शिशाचं वजन दिसलं, तर पाती भिंतीवर टांगा आणि त्याच लांबीची, त्याच जाडीच्या मुळाची नवी जोडी घ्या. इथे काटकसर नको.

पाती धरणाऱ्या ग्रिप प्लास्टिकच्या असतील तर हलक्या हाताने पिळून बघा. नायलॉन वर्षानुवर्षं कोरडं राहिलं की ठिसूळ होतं. पांढरट रेषा उमटली की तो भाग बाद. बॉल लिंकही (दांड्यांच्या टोकांचे गोळीवर बसणारे सांधे) सरसकट बदला. त्या स्वस्त असतात आणि उडताना एक निसटली तर ताबा गेलाच. रोटर हेडमधले रबरी डॅम्पर (धक्के शोषणारे तुकडे) दगडासारखे झालेले असतात, तेही बदला. थ्रस्ट बेअरिंग (पात्याची बाहेरची ओढ पेलणारं बेअरिंग) असेल तर त्याच्या दोन कड्यांची भोकं वेगळ्या मापाची असतात: मोठ्या भोकाचं कडं हबच्या (मधल्या गाभ्याच्या) बाजूला, लहान भोकाचं बाहेर, बोल्टकडे. उलट बसवलं तर भार आल्यावर ग्रिप जाम होते आणि पिच (पात्याचा कोन) बदलताना सर्व्हो (रेडिओच्या हुकमाने दांडे हलवणारी छोटी मोटर) कण्हतो.

बाकीच्या बेअरिंगसाठी परदेशी पार्सलची वाट बघायची गरज नाही. बेअरिंगवर कोरलेला नंबर शहरातल्या बेअरिंगच्या दुकानात दाखवला की बहुतेक मापं मिळतात.

आता इंजिन. एरंडेल तेल जळून पिस्टन चिकटला असेल तर जोर लावू नका, कनेक्टिंग रॉड वाकतो. कार्ब्युरेटर आणि सगळी रबरी रिंगं काढा, इंजिन गाडीच्या कूलंटमध्ये, म्हणजे इथिलीन ग्लायकॉलमध्ये, ९०-१०० अंशांवर काही तास ठेवा. भांडं स्वयंपाकाचं नको, जागा मोकळ्या हवेची हवी. ग्लायकॉल विषारी आहे. तपकिरी थर सुटतो. मग धुऊन, वाळवून, लगेच तेल घाला. मागचं झाकण काढून बेअरिंग बघा. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे मागच्या बेअरिंगला गंज हमखास असतो. फिरवताना खरखर लागली की ते बदलायचंच. टाकीतली आणि बाहेरची सिलिकॉन नळी नवी घाला. बारीक भोकातून हवा शिरली की मिश्रणात इंधन कमी पडतं आणि इंजिन तापून बंद पडतं.

इंधन १५ टक्के नायट्रोचं (नायट्रोमिथेनचं) मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर ८० टक्के मिथेनॉल आणि २० टक्के शुद्ध एरंडेल यावरही ही इंजिनं चालतात, फक्त आयडल (सर्वांत मंद वेग) थोडं अस्थिर राहतं. मिथेनॉल पोटात गेल्यास डोळे आणि जीव जातो. बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहून कुलपात ठेवा.

जुनी निकॅड (निकेल-कॅडमियम) बॅटरी, स्विच आणि त्यांच्या वायरी तिघांनाही निरोप द्या. काळी वायर आतून गंजलेली असते, बाहेरून दिसत नाही. सर्व्हो जुनेच ठेवणार असाल तर ४ सेलची, ४.८ व्होल्टची निमेट (निकेल-मेटल हायड्राइड) बॅटरी वापरा. नव्या २.४ गिगाहर्ट्झ रेडिओत स्वॉशप्लेटचा (पात्यांचा कोन बदलणाऱ्या चकतीचा) प्रकार ‘एच-१’ निवडा. या हेलिकॉप्टरांत मिक्सिंग (सर्व्होंच्या हालचालींची सांगड) यांत्रिक असतं. १२० अंशांची सेटिंग राहिली तर तिन्ही सर्व्हो एकमेकांविरुद्ध ओढतील. नव्या जायरोला (शेपूट स्थिर ठेवणाऱ्या उपकरणाला) ॲनालॉग सर्व्हो जोडताना फ्रेम रेट (सर्व्होला सेकंदाला किती वेळा आदेश जातो तो दर) ॲनालॉगवर ठेवा, नाहीतर सर्व्हो जळतो. फेलसेफमध्ये (सिग्नल तुटल्यावरच्या सेटिंगमध्ये) थ्रॉटल आयडलवर हवा.

पात्यांचा समतोल दोन टप्प्यांत साधतो. आधी प्रत्येक पात्याचा गुरुत्वमध्य सुरीच्या धारेवर शोधा. दोन्ही मुळापासून सारख्या अंतरावर येईपर्यंत टोकाला किंवा मुळाशी टेप लावा. मग हलक्या पात्याच्या गुरुत्वमध्यावरच टेप लावून वजन जुळवा. क्रम उलटला तर काट्यावर वजन जुळतं आणि हेलिकॉप्टर तरी थरथरतं.

पिच गेजने मोजून, रेडिओची स्टिक खाली असताना उणे २, मध्यावर साडेपाच, वर ९ अंश ठेवा. रोटर १५०० ते १६०० आरपीएमवरच फिरवा. आजच्या थ्रीडी कसरती या यंत्राकडून मागू नका, ते त्यासाठी घडवलेलं नाही.

मुख्य नीडल (इंधनाचं प्रमाण ठरवणारा स्क्रू) दोन आटे उघडून सुरुवात करा; धुराची रेघ सतत दिसली पाहिजे. पहिलं होव्हर (एका जागी तरंगणं) वारा पडलेला असताना, किमान १० मीटरवरून, शेपूट आपल्याकडे ठेवून. दोन्ही पात्यांच्या टोकांना वेगळ्या रंगाचा, सारख्या वजनाचा टेप लावला की कोणतं वर जातं ते कळतं. त्याची लिंक अर्धा आटा फिरवून पिच कमी करा. पात्यांच्या पातळीत कुणीही उभं राहू नये. अख्खं यंत्र सावकाश हलत असेल तर दोष मुख्य रोटरचा. शेपटीचं उभं पंख (फिन) बारीक थरथरून धूसर दिसत असेल तर शेपटीचा रोटर किंवा इंजिनचा कूलिंग फॅन बघा. टाकीत फेस दिसला तर आधी थरथर घालवा, नीडलला नंतर हात लावा.

भारतात हे सुमारे ३ किलोचं यंत्र ड्रोन नियम २०२१ मधल्या २ ते २५ किलोच्या ‘स्मॉल’ वर्गात मोडतं. नोंदणीचे नियम वाचा आणि मैदान सरकारी ड्रोन नकाशावर हिरव्या क्षेत्रात आहे ना, ते पाहूनच जा. तिथे उंचीची मर्यादा ४०० फूट, आणि विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फूट आहे.

घरी निघण्यापूर्वी टाकी रिकामी करा, नळी काढून इंजिन कोरडं होईपर्यंत चालवा आणि कार्ब्युरेटरमधून हलक्या तेलाचे ४-५ थेंब सोडून रोटर हाताने फिरवण्याऐवजी स्टार्टरने इंजिन दोन-तीन सेकंद फिरवा. क्लचमुळे रोटर फिरवून इंजिन फिरत नाही, आणि तेल मागच्या बेअरिंगपर्यंत पोचत नाही.